एक्के टाकणारा भित्रा नव्हे

पोकरमध्ये एक्क्यांची जोडी हाती असताना पॅक करणारा भित्रा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे दिवाळीतल्या तीन पत्तीला शोभेल. वादळाचा बावटा लागल्यावर होडी न काढणाऱ्या नाखवाला आमच्या रेवदंड्यात कुणी भित्रा म्हणत नाही.

समजा, मांडवीवरच्या एखाद्या कॅसिनोत सॅटेलाइट स्पर्धा आहे, म्हणजे बक्षीस रोख नाही, मोठ्या स्पर्धेचे तिकीट. 10 जण उरलेत, तिकिटे 9, सगळी सारखी. चिपाही समान. एकाने सर्व चिपा लावल्या. पॅक केले तर तिकिटाची शक्यता सुमारे 90 टक्के. कॉल केला तर? एक्के कुठल्याही पत्त्यांविरुद्ध सरासरी 85 टक्केच जिंकतात. आणि दुप्पट चिपांना दोन तिकिटे मिळत नाहीत! (बक्षिसे चढती असतील, तर मात्र मीही एक्के सोडणार नाही.)

— एक वाचक, रेवदंडा