झालं का गं?

आखाड आला की आपल्या सोलापुरात शेगड्या जोरात पेटतात. भाजनालयातलं शीक आपल्याला नवं नाही. पण आता गच्चीवर झाकणाचं बार्बेक्यू मांडून अख्खी कोंबडी, नाहीतर मटणाची रान धुरावर शिजवायची हौसही दिसू लागलीय. बेत ठरवतात पुरुषमंडळी, "झालं का गं?" हा प्रश्न मात्र येतो आपल्याकडेच. मग आपण रंग बघायचा, बोटानं दाबायचं आणि "झालं" म्हणायचं.

मैत्रिणींनो, हा अंदाज भाकरीला पुरतो, धुरावरच्या कोंबडीला नाही. वरून काळपट-तांबूस झालेली कोंबडी आत हाडाशी कच्ची असू शकते. उलट धुरामुळं पुरतं शिजलेलं मांसही कडेनं गुलाबी दिसतं. रंग दोन्हीकडून फसवतो. आणि फसगतीचे जुलाब-उलट्या सगळ्यात जड जातात त्या लेकरांना, म्हाताऱ्यांना आणि गरोदर सुनेला.

म्हणून माझा आग्रह आहे मांसाच्या थर्मामीटरचा. तापाचा नव्हे हं! तो ४२ अंशांपर्यंतच जातो. गरम मांसात घातला तर फुटायचा, आणि जुना असेल तर आतला पारा अन्नात. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअस झालीच पाहिजे, खिमा ७१.

पण नुसता थर्मामीटर आणून भागत नाही, तो टोचायचा कुठं हे महत्त्वाचं. सर्वांत जाड भागात, मधोमध. टोक हाडाला किंवा लोखंडी शिगेला टेकलं की आकडा चुकलाच. तुकडे लहान असतील तर बाजूनं आडवा टोचा. घड्याळासारख्या तबकडीच्या थर्मामीटरला दांडीचा दोनेक इंच भाग मांसात जावा लागतो, त्यामुळं शिकेच्या तुकड्यांना तो कामाचा नाही. तिथं टोकाशी मोजणारा डिजिटल घ्यावा. झाकणावरच्या काट्यावर तर विसंबूच नका. तो आतल्या हवेचं सांगतो, मांसाचं नाही.

थर्मामीटर खरा बोलतो का, हेही तपासता येतं. पेला बर्फाच्या चुऱ्यानं गच्च भरा, वर गार पाणी ओता, ढवळा आणि टोक मधोमध धरा. शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर १०० ची वाट बघू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, इथं पाणी ९८.५ च्या आसपासच उकळतं. बिचारा थर्मामीटर बरोबर असतो आणि आपण दुकानदाराशी भांडायला निघतो!

प्रत्येक वेळी टोचल्यावर दांडी साबणानं धुवायची. कच्च्यातली घाण शिजलेल्यात नको.

अख्खी रान मंद धुरावर ठेवली तर आणखी एक गंमत होते. ६५-७० अंशांवर येऊन आकडा तासन्‌तास हलत नाही. थर्मामीटर बिघडलेला नसतो. मांसातलं पाणी वर येऊन सुकतं आणि रान थंड ठेवतं, आपल्या माठासारखंच. त्या वेळी घाईनं कोळसे वाढवू नका, झाकणही सारखं उघडू नका. पाणी सरलं की आकडा पुन्हा चढू लागतो; तोवर पाहुण्यांना सोलकढी द्या.