कुलूप कोणत्या कपाटाला?

आमच्या संघटनेची बडनेऱ्याच्या नवी वस्तीत दोन खोल्यांची जागा आहे. मागच्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस सल्ला केंद्र चालतं, पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी मुलींचा अभ्यासवर्ग भरतो. दोन्ही खोल्यांत एकेक लोखंडी कपाट आहे. मागच्या कपाटात बायांचे केसपेपर. त्याची किल्ली आम्हा दोघींकडेच असते. नवरा येवो, सासरा येवो, नगरसेवक येवो, ते कपाट उघडत नाही. पहिल्या दिवसापासूनचा हा आमचा नियम, आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे.

पुढच्या कपाटाला मात्र कुलूपच नव्हतं. त्यात अभ्यासवर्गाच्या वह्या, खडू आणि मुलींच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या एका संस्थेचे फॉर्म होते. त्या फॉर्मविषयी मला लिहायचं आहे. चूक मुळात माझीच आहे, म्हणून मीच लिहिते.

संस्था शहरातली, माणसं तळमळीची. आमच्या वर्गातल्या मुलींची फी, गणवेश, पुस्तकं, सायकली यांचा खर्च ती करायची. त्यासाठी प्रत्येक मुलीमागे चार पानांचा फॉर्म. मुलीचं नाव, फोटो, शाळा, इयत्ता, जात, आधारकार्डाची झेरॉक्स, आईचा मोबाइल, वडिलांचा धंदा, वडील दारू पितात का, घर स्वतःचं की भाड्याचं. शेवटी दहा ओळींची रिकामी जागा आणि वर मथळा : ‘मुलीची कहाणी’.

हे फॉर्म मी भरले. बाया कामाहून थकून यायच्या, मी विचारायची, त्या सांगायच्या. एका मुलीच्या आईची कहाणी मला विचारावीही लागली नाही. ती मागच्या खोलीतून मला पाठ होती. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून ती पोरीला घेऊन पॅसेंजर गाडीने बडनेऱ्याला माहेरी आली होती. सासरी पत्ता कळू नये म्हणून तिने फोनचं सिमसुद्धा बदललं होतं. मी त्या दहा ओळी मन लावून लिहिल्या. कहाणी चांगली उतरली तर मुलीला मदत नक्की मिळेल, असं मला वाटलं. आणि मदत मिळालीही.

दिवाळीनंतर संस्थेचं माहितीपत्रक आलं. त्यात त्या मुलीचा गणवेशातला हसरा फोटो होता. खाली नाव, शाळेचं नाव, ‘बडनेरा’ आणि माझ्या दहापैकी तीन ओळी. तेच पान व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं. फिरत फिरत ते तिच्या सासरच्या गावी पोचलं. जानेवारीत एका दुपारी बाप शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. शाळेतल्या बाईंनी प्रसंग ओळखून मुलीला आत ठेवलं आणि आम्हाला फोन केला, म्हणून त्या दिवशी निभावलं. पण आईने दुसऱ्याच दिवशी पोरीला बहिणीकडे धाडलं. तिचं ते वर्ष बुडालं.

आई आमच्याकडे आली तेव्हा भांडली नाही. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “तुमाले सांगतलं होतं वो ताई म्या. पेपरात द्याले थोडीच सांगतलं.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मागच्या खोलीत कुलपात ठेवलेली गोष्ट पुढच्या खोलीच्या फॉर्मवर मीच उतरवली होती. तीच बाई, तीच कहाणी. पण पुढच्या खोलीत ती ‘मुलीचं शिक्षण’ या सदरात आली आणि मला वाटलं, ही तर चांगल्या कामासाठीची माहिती आहे.

मैत्रिणींनो, ही केवळ माझ्या एकटीची चूक असती तर मी ती बैठकीत कबूल करून थांबले असते. पण गेले वर्षभर मी आजूबाजूला पाहते आहे आणि हीच गोष्ट सगळीकडे दिसते आहे. आपल्या वऱ्हाडात शेतकरी आत्महत्यांनंतर मुलांच्या शिक्षणाला मदत करणारे पुष्कळ हात पुढे आले. त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण मदतवाटपाचा कार्यक्रम आठवा. मांडव, हार, पाहुणे. माइकवरून पुकारा होतो, ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची कन्या’, पुढे नाव आणि गाव. सातवीतली पोर स्टेजवर जाते, दप्तर हातात घेते, फोटोसाठी थांबते. दुसऱ्या दिवशी वर्गात तिची ओळख बदललेली असते. तिच्या आईला कुणी विचारलं होतं का, की हे असं पुकारलेलं तुम्हाला चालेल का?

मदतीच्या या पद्धतीला आपल्याकडे ‘दत्तक’ हा शब्द रुळला आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची सरकारी योजनाही ‘दत्तक-पालक’ योजनाच होती. गरीब मुली शाळेत टिकाव्यात हा तिचा हेतू चांगलाच होता. पण शब्दाकडे जरा नीट पाहा. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करून लेकीला वाढवणारी आई समोर असताना ‘पालक’ म्हणायचं कुणाला, तर वर्षाची फी भरणाऱ्याला! मग त्या पालकाला मुलीचा फोटो पाहिजे, गुणपत्रिका पाहिजे, दिवाळीला तिच्या अक्षरातलं आभाराचं पत्र पाहिजे. श्रीमंताघरच्या मुलीची फी कुणी भरली, तिचे वडील किती पितात, हे कुठल्या पत्रकात छापून येतं का? गरिबाने मदत घेतली की त्याच्या घराचं दार उघडंच राहिलं पाहिजे, असं आपण गृहीत धरलं आहे.

यादीत नाव असणं काय असतं, हे आपल्या भागातल्या पारध्यांना विचारावं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली आलेल्या जमातींतल्या माणसांची नावं पोलिसांच्या रजिस्टरात चढली, हजेरी लागली, गाव सोडायला परवानगी लागू लागली. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्याने पुसला गेला, पण पारधी मुलगा शाळेत आला की अजूनही कुजबुज होते. रजिस्टर बंद झालं तरी त्यातली ओळख माणसाला चिकटून राहते. म्हणून ‘जात’ आणि ‘वडिलांचा धंदा’ हे रकाने फॉर्मवर छापताना हात थोडा थबकला पाहिजे.

संस्थेशी आम्ही बोललो. त्यांचं म्हणणं असं, की देणगीदाराला पैसा कुठे गेला ते दिसायला हवं. चेहरा दिसला नाही तर तो पुढच्या वर्षी देत नाही. हिशेबाची गोष्ट मला मान्य आहे. पै-पैचा हिशेब दिलाच पाहिजे, आपणही सरकारकडे तो मागतोच. पण किती मुलींची फी भरली, किती टिकल्या, किती दहावीला बसल्या, पावत्या कुठे आहेत, यातल्या कशालाच मुलीचा चेहरा लागत नाही. आपल्या राज्यातच सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी होते. कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला, गणित करायला लावतात. पाचवीच्या किती मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं, हे साऱ्या देशाला त्यातून कळलं. त्यावर विधानसभा-संसदेत वाद झाले, पण छापलेल्या अहवालात एकाही मुलाचं नाव नाही. आकडे जिल्ह्याचे आणि राज्याचे. म्हणजे मुलांना उघडं न करता खरं सांगता येतं.

उलट बाजूचं उदाहरणही देते. कोरोनाच्या काळात शाळा बंद पडल्या तेव्हा केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे ॲप घराघरात गेलं. त्याची साठवण एका ठिकाणी उघडी राहून गेली होती, हे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन, ईमेल आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची नावं व शाळा कुणालाही पाहता येतील अशी पडून होती. तिथे काही कुणाचा वाईट हेतू नव्हता. आमच्या पुढच्या कपाटासारखंच, कुलूप लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता कायद्याचं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०१८ च्या आधार निकालात न्यायालयाने सांगितलं, की आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ अडवता येणार नाही आणि शाळाप्रवेशाला ते सक्तीचं नाही. अत्याचारग्रस्त किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकाची संमती लागेल. माहिती कशासाठी घेतो हे मराठीत वाचायला मिळण्याची सोय ठेवावी लागेल. दिलेली संमती परत घेता येईल. नुसत्या कागदावर राहिलेल्या माहितीला हा कायदा लागत नाही; पण कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढला की लागतो. आणि आपल्यापैकी कोण आज फोटो काढत नाही?

पण कायद्यावर विसंबून चालणार नाही, कारण त्यातला एक शब्द आपल्याला फार जुना ओळखीचा आहे : पालक. पालक म्हणजे कोण? १९५६ च्या कायद्याने हिंदू मुलांचा नैसर्गिक पालक आधी बाप, ‘त्याच्यानंतर’ आई. गीता हरिहरन यांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. बापाच्या हयातीतही, तो मुलाची जबाबदारी घेत नसेल तर आई पालक ठरू शकते, हे १९९९ साली तेव्हा कुठे मान्य झालं. व्यवहारात आजही फॉर्मवरची सहीची जागा बापाची समजली जाते. टाकलेल्या बाईने सही केली तर कारकून विचारतो, “मालक कुठे आहेत?” उद्या त्या मारकुट्या बापाने संस्थेकडे जाऊन सांगितलं, ‘मी पालक, माझ्या मुलीची माहिती द्या’, तर संस्था काय करेल? हा प्रश्न संगणकवाले विचारणार नाहीत. तो आपणच विचारायचा आहे.

आणि संमतीचं खरं दुखणं तर याच्याही आधीचं आहे. दुसऱ्या एका आईला मी आता मुद्दाम विचारलं, तुम्ही तेव्हा फोटोला हो का म्हणालात? ती म्हणाली, “नाई म्हटलं असतं तं पोरीची फी बंद झाली असती ना.” ज्या होकारामागे फी अडकलेली आहे त्याला संमती म्हणायचं का? नवऱ्याच्या घरातल्या बाईच्या होकाराबद्दल आपण हेच इतकी वर्षं बोलत आलो आहोत.

आम्ही आमच्यापुरतं काय केलं ते सांगते. फॉर्म चार पानांचा एक पानाचा केला. ‘मुलीची कहाणी’ काढून टाकली. दारू, मारहाण यांचे प्रश्न काढले. त्या गोष्टी मागच्या खोलीच्या. जातीचा दाखला शिष्यवृत्तीसाठी लागला तरच पाहतो आणि परत देतो. आधारची झेरॉक्स ठेवत नाही. संस्थेला नावाऐवजी क्रमांक कळवतो. क्रमांक कुणाचा ते एका वहीत आहे आणि ती वही आता कुलपात आहे. सही आईची, किंवा मूल जिच्याजवळ राहतं त्या बाईची. फोटोची परवानगी वेगळी, आणि ‘नाही म्हटलं तरी फी सुरू राहील’ हे वाक्य फॉर्मवर ठळक छापलं आहे. सातवीच्या पुढच्या मुलीला तिचं स्वतःचं मतही विचारतो. कार्यकर्तीने वैयक्तिक मोबाइलमध्ये मुलींचे फोटो ठेवायचे नाहीत. मुलगी वर्ग सोडून गेली की दोन वर्षांनी तिचा कागद तिच्या हाती द्यायचा, नाहीतर फाडायचा.

हे करताना किंमत पडली. संस्थेने क्रमांक मान्य केले, पण चेहरे नसल्याने दोन देणगीदार गळाले आणि चार सायकली कमी आल्या. कोणत्या चार मुलींनी पायी जायचं, हे ठरवताना आमच्या बैठकीत रडारड झाली. एकजण चिडून म्हणाली, “तुमच्या तत्त्वापायी पोरी उन्हात चालतात.” तिचं म्हणणं खोटं नाही. मग वस्तीतच वर्गणी काढली. दोन सायकली आल्या, दोन अजून यायच्या आहेत. तरीही जुना फॉर्म परत आणायचा प्रस्ताव मांडला तेव्हा सर्वांत आधी ‘नको’ म्हणाल्या त्या पायी जाणाऱ्या मुलींच्या आयाच.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या बैठकीआधी आपापल्या जागेतलं पुढचं कपाट उघडून पाहा. वसतिगृह, बालवाडी, अभ्यासिका, सायकल योजना, जे काही आपण मुलांसाठी चालवतो, त्याचे फॉर्म काढा. प्रत्येक रकान्यासमोर विचारा : हे आपल्याला कशाला हवं? ते कोण कोण वाचतं? आणि हे तिच्या बापाच्या हाती पडलं तर? उत्तर देता आलं नाही, तर तो रकाना खोडा.

ती मुलगी या जूनअखेर शाळा उघडल्यावर पुन्हा आठवीत बसली, दुसऱ्या गावी. कुठल्या, ते मी लिहिणार नाही.