केईएमची अट आणि आपली अट

परळचं केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. नाव इंग्रज राजाचं. पण कॉलेजसाठी देणगी देताना शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी अट घातली की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील. कारण ग्रँट मेडिकल कॉलेजात वरच्या जागा गोऱ्यांकडे होत्या. ही स्वाभिमानाची लढाई होती, यात वाद नाही.

पण त्याच परळमध्ये, दामोदर हॉलच्या सभेतून, १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी केली. तो स्वाभिमान कोणत्या दानपत्रात उतरला? स्टेथोस्कोप कोणाच्या गळ्यात असावा, हे अटीत आलं. रुग्णांचा मैला कोणी उचलायचा, हे लिहायची गरजच पडली नाही; ते जातीने आधीच ठरवलं होतं.

आजही सार्वजनिक रुग्णालयांत झाडू बहुतेक आपल्याच माणसांच्या हातात आहे. त्यातही आता कायम नोकरीच्या जागी कंत्राट येतंय. म्हणजे काम जातीचं राहिलं, हक्क तेवढा गेला. खाजगीकरणाला नुसतं 'गरिबांचे हाल' म्हणून विरोध करणाऱ्या मित्रांनी हेही बोलावं.

शंभर वर्षांपूर्वी देणगीदार अट घालू शकले. ही रुग्णालयं आपल्या करातून चालतात, मग आपणही घालू: काम कायमचं, तर नोकरीही कायमची.

जय भीम!