गटारीचं पाणी मुरवा, पण बोअरमधून नको



मागच्या ग्रामसभेत एक विषय निघाला. गावच्या गटारीचं पाणी ओढ्याला जाऊन वाया जातं, तर ते वेशीजवळच्या बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडायचं. भोवती खड्डा घ्यायचा, दगड, खडी, वाळू भरायची, झालं पुनर्भरण. काम आठ दिवसांचं, खर्चही थोडका. बऱ्याच जणांनी हात वर केले. मी केला नाही. तिथं गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. ठराव पुढच्या ग्रामसभेत व्हायचाय.

आधीच सांगतो, सांडपाणी जिरवायला माझा विरोध नाही. आपल्या संगमनेर पठारावर उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

टोमॅटो लावणाऱ्याला कोलार माहीत असतंच. नारायणगावचा बाजार बघताना आपण कोलारचाही दर विचारतो. कर्नाटकातल्या त्या जिल्ह्यात बारमाही नदी नाही. खाली कठीण खडक, बोअर हजार फुटांच्याही खाली गेलेले. २०१८ पासून बंगळूरचं सांडपाणी केंद्रात शुद्ध करून पाइपानं तिथल्या तलावांत सोडतात. योजना दिवसाला ४४ कोटी लिटरची. एक तलाव भरला की पाणी पुढच्या तलावात, असे शंभराहून जास्त तलाव. आसपासच्या बोअरची पातळी वर आली, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासातही दिसलं.

पण पुढचं पण ऐका. सुरुवातीलाच, जुलै २०१८ मध्ये, तिथल्या एका तलावावर फेस आला. पाणी थांबवावं लागलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाणी पुढं परत सुरू झालं. तरी तिथल्या शेतकऱ्यांची मागणी राहिली की दोन टप्प्यांचं शुद्धीकरण पुरेसं नाही, तिसरा टप्पाही करा. म्हणजे पाणी नको असं ते म्हणत नव्हते, स्वच्छ करून द्या म्हणत होते.

त्यातली ध्यानात घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. तिथं पाणी आधी शुद्ध केलं, आणि तरीही बोअरमध्ये ओतलं नाही. तलावात सोडलं. तलावातून थेट मोटर लावून उपसायलाही मनाई केली. तळातल्या मातीतून पाणी खाली जायचं आणि मगच विहिरीतून, बोअरमधून वर यायचं. आपण तर शुद्ध न केलेलं पाणी घेऊन मधली मातीच काढून टाकायला निघालोय.

माती काय करते ते आपल्याला उकिरड्यावरून कळतं. शेण, काडीकचरा, घाण, सगळं ती पचवते. ते काम वरच्या थरातले जिवाणू करतात आणि त्यांना हवा लागते. दोनशे फूट खाली खडकाच्या भेगेत ना माती, ना पुरेशी हवा. आपला खडक काळा पाषाण. त्यात पाणी साठतं आणि चालतं ते वरच्या मुरमातून आणि भेगांतून. भेग म्हणजे पाइपच की. एका बोअरमध्ये ओतलेली घाण कुठल्या विहिरीत निघेल ते कुणी सांगू शकत नाही.

सभेत एक जण म्हणाला, "वाळूतून गाळूनच जाणार आहे ना?" दादा, तो वाळूचा खड्डा पत्र्यावरच्या पावसाच्या पाण्यासाठी असतो. तो गाळ अडवतो. साबण, मूत, विरघळलेलं मीठ तो अडवत नाही. मी स्वतः बघितलंय. आमच्या शिवारात एकानं गोठ्याचं पाणी जुन्या बोअरमध्ये सोडलं. दोन महिन्यांत शेजारच्या बोअरला वास सुटला. सोडणं त्याच दिवशी बंद केलं, पण वास जायला दोन पावसाळे लागले. तेवढे दिवस त्या घरानं पिण्याचं पाणी डोक्यावरून आणलं.

आता हिशोब करू. गावात २,००० माणसं धरा. माणशी ५५ लिटर म्हणजे दिवसाला १ लाख १० हजार लिटर. त्यातलं सत्तर टक्के गटारीत आलं तर ७७ हजार लिटर. वर्षाचं झालं २ कोटी ८० लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण एक एकरावर एक इंच पाणी म्हणजेच १ लाख ३ हजार लिटर. अर्धं पाणी उन्हात उडालं, झाडांनी घेतलं असं धरलं, तर उरलेल्यात गहू भिजेल आठ एकर. आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर हे वर्षाचं सगळं गटारपाणी म्हणजे फक्त १४ एकरांवर पडलेला पाऊस.

म्हणून काय ते सोडून द्यायचं? नाही. पाऊस चार महिने येतो, गटार रोज वाहते. भर उन्हाळ्यात ओल धरणारं दुसरं पाणी गावात नाही. पण मिळायचंय आठ एकरांचं आणि पणाला लागतेय गावाची पिण्याची विहीर. एवढ्या फायद्यापायी घाई करू नये, एवढंच माझं म्हणणं.

मग करायचं कसं? ज्याच्या दारी जागा आहे त्यानं शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारी बंद केल्या, त्याबरोबर डासही गेले. खड्ड्यात फक्त आंघोळीचं, भांड्या-धुण्याचं पाणी, संडासाचं अजिबात नाही. पिण्याच्या विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब, जास्त असेल तर उत्तमच.

गावठाणात दाटीच्या घरांचं उरलेलं पाणी ओढ्याकडं नेताना आधी जाळी, मग गाळ बसायची टाकी, मग खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस. तिथून पुढं दोन उथळ खड्डे शेजारी शेजारी. एक भरायचा तेव्हा दुसरा वाळवायचा. इस्राएलमध्ये तेल अवीव शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी असंच वाळूच्या खाचरांत आलटून पालटून सोडतात आणि खालून उपसून दक्षिणेकडच्या शेतीला देतात. वाळवलं की मातीत हवा शिरते, वरची साय खरवडता येते. नाहीतर सहा महिन्यांत खड्डा चोंदून डबकं होणार. आणि हे सगळं पिण्याच्या विहिरीच्या खालच्या अंगाला पाहिजे, वरच्या नाही.

तरीही एक गोष्ट माती अडवत नाही, ती म्हणजे क्षार. नायट्रेटही बरंचसं खाली उतरतं. म्हणून काम सुरू करायच्या आधीच आसपासच्या विहिरींचं पाणी तपासा, म्हणजे पुढं वाद नको. मग दरवर्षी मे महिन्यात एकदा आणि पावसाळा उलटल्यावर एकदा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिऊ नये. क्षारता म्हणजे ईसी ०.७५ च्या आत असेल तर पिकाला चिंता नाही. २.२५ च्या वर गेली तर जमीन बिघडायला लागते. जिवाणूंची तपासणी वेगळी करावी लागते. सगळे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहा, फायलीत ठेवू नका.

आणि तो बंद बोअर? त्याला टोपण घालून सिमेंटनं बंद करा. नाहीतर शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी गाळून त्यात सोडा, त्याला माझा हात पहिला वर राहील.

विहिरीचं पाणी आटलं तर पुढच्या पावसाळ्यात येतं. नासलं तर कधी सुधारेल याचा भरवसा नाही. ठरावाच्या दिवशी मी एवढंच बोलणार आहे. माझा हिशोब कुठं चुकला असेल तर जाणकारांनी त्याआधी सांगावं.