टायपिंगपुरताच संगणक?

अपंगांना संगणक शिकवायचा म्हटला की आपल्याकडे टाळ्या पडतात. काही महिन्यांचा वर्ग, प्रमाणपत्र, पाहुण्यांबरोबर फोटो. पुढे काय? डेटा एन्ट्री, नाहीतर फोन उचलण्याची नोकरी. या कामांत कमीपणा मुळीच नाही. पण दुसऱ्याच्या कुवतीची कुंपणे आधीच घालून ठेवायचा हक्क आपल्याला दिला कुणी?

हैदराबादचेच बघा. तिथल्या देवनार अंधशाळेत शिकलेल्या श्रीकांत बोल्लाला दहावीनंतर विज्ञान शाखा नाकारली गेली. कारण एकच, दिसत नाही! कोर्टात भांडून त्याने ती मिळवली, अमेरिकेत एमआयटीत शिकला आणि परतून २०१२ साली हैदराबादेत बोलांट इंडस्ट्रीज काढली. २०२४ मध्ये त्याच्यावर हिंदी सिनेमा आला, आपण डोळे पुसले. पण जी मुले कोर्टापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांचे काय? एका श्रीकांतचे कौतुक केले म्हणून बाकीच्यांचा हिशेब चुकता होत नाही.

'अंधांना प्रोग्रॅमिंग कसे जमणार?' असे विचारणारे शहाणे अजून भेटतात. त्यांना सांगतो, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने सुरू केले आणि जेम्स तेहने त्याला साथ दिली. दोघेही अंध. आज जगभरचे अंध लोक ते वापरतात.

खरी अडचण शिकणाऱ्यात नाहीच. वेबसाइट बनवणाऱ्याने बटणाला नाव दिले नाही, तर हे सॉफ्टवेअर नुसते 'बटण, बटण' म्हणत बसते. फॉर्म फक्त माऊसनेच भरता येत असेल, तर हात थरथरणाऱ्याने काय करायचे? आणि ही सॉफ्टवेअरे बनतात कुठे? हैदराबादेतल्या हायटेक सिटीसारख्या ठिकाणीच ना!

त्याच हैदराबादेतल्या नालसार विधी विद्यापीठाच्या अहवालाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात बजावले, की सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचेच हवेत. नुसत्या शिफारशी चालणार नाहीत.

आम्हां गोवेकरांनीही हुरळून जायचे कारण नाही. २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट भरतो, चांगलेच आहे. पण उत्सवाचा मांडव उतरल्यावर किती जण कामाला लागले, हे विचारायलाच हवे. 'अपंग'चे 'दिव्यांग' करायला खर्च येत नाही. अपंग मुलाला प्रोग्रॅमर म्हणून बरोबरीच्या पगारावर घ्यायला मात्र हिंमत लागते. ती दाखवा, टाळ्या आम्ही मग वाजवू.