सांबऱ्याचे आकाश आणि आमची मुले

गेल्या पंधरवड्यात बेळगाव तालुक्याच्या पूर्व भागातील एक शेतकरी गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. हातात जमिनीचा उतारा होता. कानडीत असल्यामुळे तो त्यांना स्वतःला वाचता येत नव्हता. ते म्हणाले, "संपादकसाहेब, पोरगं बारावीला बरं निघालंय. पायलट हुतो म्हणतंय. एक एजंट आलाय, आठ दिवसांत पाच लाख भरा म्हणतोय. रस्त्याकडची दोन एकर देऊ काय, एवढंच सांगा."

आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. उमेदीची वर्षे मोर्चे, खटले आणि या पत्राचे अंक काढण्यात गेली. विमान आम्ही पाहिले ते बहुधा खालूनच. परंतु प्रश्न एका कुटुंबाचा नाही, हे ध्यानी आल्यावर आम्ही जाणकारांकडे चौकशी केली. जे हाती आले ते आज वाचकांसमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने बांधली. तिच्या शेजारी आज भारतीय वायुदलाचे विमानसैनिकांचे प्रशिक्षण केंद्र आहे. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने देशातील पाच विमानतळांवर नव्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांना जागा देण्याचे ठरविले. बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसामातील लीलाबारी ही ती पाच ठिकाणे. त्यानंतर मुतगे, निलजी, बाळेकुंद्रीच्या शिवारांवर प्रशिक्षणाची छोटी विमाने घिरट्या घालताना दिसू लागली. भांगलणीला वाकलेली माणसे मान वर करून ती पाहू लागली. त्या विमानांत बसलेली मुले कोठून आली होती? दिल्लीहून, बंगळूरहून, हैदराबादहून. आकाश आमच्या शिवारावरचे आणि पंख मात्र परक्यांचे, अशी ही अवस्था आहे. आमचा मुलगा त्या विमानात का नसावा, हा प्रश्न त्या शेतकरी पित्याच्या मुलाला पडला असेल, तर त्यात त्याचे काय चुकले?

आम्ही तर म्हणतो, सीमाभागातील मराठी तरुणाने या व्यवसायाकडे इतरांहून अधिक गांभीर्याने पाहावे. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमच्या मुलांपुढील सरकारी नोकरीची दारे भाषेच्या कडीने बंद झाली आहेत. राज्याच्या सेवेत शिरावयाचे तर कानडीची परीक्षा आडवी येते. सैन्याची परंपरा आमच्याकडे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच या शहरात आहे. परंतु प्रत्येक तरुणाला सैन्य सामावून घेऊ शकत नाही, आणि उरलेले पुण्या-मुंबईच्या कारखान्यांची वाट धरतात. वैमानिकाचा परवाना कोणतेही राज्य सरकार देत नाही. तो दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्याच्या परीक्षा इंग्रजीत होतात. उमेदवाराची मातृभाषा कोणती आणि त्याचे गाव कोणत्या निकालात कोठे ढकलले गेले, हे तेथे कोणी विचारत नाही. ज्यांची भाषा हाच ज्यांच्या मार्गातील धोंडा ठरविण्यात आला, त्यांना याचे मोल अधिक कळावे.

तरीही त्या गृहस्थांना आम्ही "जमीन विका" असे सांगणार नाही. या विद्येचा मार्ग पायऱ्यापायऱ्यांचा आहे, आणि पायऱ्यांचा क्रम चुकला की घर बुडते.

पहिली पायरी शरीराची. महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून आधी दुसऱ्या वर्गाची आणि पुढे व्यावसायिक परवान्यासाठी पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. चष्मा असला म्हणजे सर्व संपले, असे नाही. चष्म्याने दृष्टी पुरेशी सुधारत असेल तर तो चालतो. परंतु रंग ओळखण्यातील दोष, हृदयाचे वा कानाचे काही विकार अनेकदा वाट अडवितात. या तपासणीचा खर्च काही हजारांचा. प्रशिक्षणाचा खर्च त्याच्या शेकडो पट. असे असता कित्येक पालक आधी पैसे भरतात आणि मग डॉक्टरकडे जातात! हा उलटा व्यवहार एजंटाच्या सोयीचा आहे, मुलाच्या नव्हे.

दुसरी पायरी अभ्यासाची. हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांत प्रत्येकी सत्तर टक्के गुण मिळवावे लागतात. रेडिओ संभाषणाची परीक्षा निराळी. वारा कोणत्या बाजूने किती वेगाने वाहतो आणि त्यामुळे विमान मार्गापासून किती ढळेल, याचे गणित मुलाला सुटते की नाही, हे कळण्यासाठी जमीन विकावी लागत नाही. पुस्तके आणि एक वर्षाची मेहनत पुरते. बारावीस भौतिकशास्त्र व गणित असावे, ही अट गेली सुमारे तीन दशके आहे; ती उठविण्याची चर्चा २०२५ मध्ये झाली. नियम बदलो वा न बदलो, हे दोन विषय ज्यास नकोसे वाटतात त्याने या वाटेस जाऊ नये. कलाशाखेचा ज्याला मनापासून ध्यास आहे, त्याला मुक्त विद्यालयामार्फत हे विषय पुन्हा देण्याची सोय आहे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष उड्डाणाची, आणि खर्च येथेच आहे. व्यावसायिक परवान्यास किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतील १०० तास विमानाची धुरा स्वतःच्या हाती असावी लागते. लांब पल्ल्याचे प्रवास, रात्रीची उड्डाणे, केवळ उपकरणांवर विसंबून केलेली उड्डाणे, हे सर्व त्यात आले. याचा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास जातो. त्यावर एअरबस वा बोइंगसारख्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याचे लाख निराळे. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षण योजनांतून गेल्यास आकडा कोटीच्या घरात पोहोचतो. आरंभापासूनच ही विद्या धनवंतांच्या अंगणात वाढली. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत परवाना मिळविला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांचे कर्तृत्व वादातीत. पण त्यांना त्यासाठी शेत विकावे लागले नव्हते.

आमच्या शेतकऱ्याला विकावे लागते, त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जास बँक सामान्यतः तारण मागते. शेतजमिनीवर जप्तीचा सोपा कायदेशीर मार्ग नसल्याने बँका ते तारण घेण्यास नाखूष असतात. शहरात ज्याचा बंगला आहे त्याच्या मुलाला कर्ज मिळते आणि त्याचा बंगला शाबूत राहतो. शेतकऱ्याच्या मुलाला कर्ज मिळत नाही, म्हणून त्याची जमीन जाते. महामार्ग, वळणरस्ते आणि सरकारी इमारतींसाठी आधीच ज्यांच्या सुपीक जमिनी काढून घेतल्या गेल्या, त्या बेळगावच्या शेतकऱ्याच्या हाती उरलेली दोन एकर ही नुसती मालमत्ता नव्हे. सीमाभागातील त्याच्या अस्तित्वाचा तो पुरावा आहे.

आणि परवाना हाती आला म्हणजे नोकरी आली, असेही नाही. २०२३ मध्ये देशात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या खरेदीची घोषणा केली. हे आकडे एजंट पाठ करून येतो. मात्र किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, हे तो सांगत नाही. त्या त्या वेळी अनुभवी वैमानिक रस्त्यावर आले, आणि २०० तासांचा नवशिका त्यांच्याही मागे रांगेत उभा राहिला. उलट वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णतः लागू झाल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिक कमी पडले. या धंद्यात भरती-ओहोटी असते. जो ओहोटीची दोन वर्षे घरची चूल विझू न देता काढू शकतो, त्यानेच या पाण्यात उतरावे.

संस्था निवडतानाही डोळे उघडे हवेत. महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करण्यास आरंभ केला, आणि पहिल्या यादीत सर्वोच्च श्रेणी एकाही संस्थेस मिळाली नाही. विमाने किती, शिक्षक किती, २०० तास पूर्ण होण्यास प्रत्यक्षात किती महिने लागतात, हे तेथील जुन्या विद्यार्थ्यांना विचारल्याविना एक रुपयाही देऊ नये. "आमच्याकडे झटपट होते" असे जो सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळविलेल्या वैमानिकांना अटक झाली होती. ज्याच्या हाती दीडशे-दोनशे जीव सोपवावयाचे, त्याच्या वहीतील एक तासही खोटा असता कामा नये.

आता भाषेविषयी. "आमचा मुलगा मराठी शाळेत शिकला, त्याला हे कसे जमणार?" हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो, आणि तो ऐकून दुःख होते. आमचा लढा मातृभाषेतून शिकण्याच्या हक्काचा आहे. इंग्रजीशी आमचे वैर कधीच नव्हते. आकाशातील संभाषणाची इंग्रजी ठरावीक शब्दांची आणि नेमक्या वाक्यांची असते. वैमानिकाने किमान चौथ्या पातळीची इंग्रजी जाणावी, असा आंतरराष्ट्रीय नियम २००८ पासून लागू आहे. ती पातळी परिश्रमाने गाठता येते. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा दाब ज्याला मराठीत नीट समजले, त्याला ते इंग्रजीत पुन्हा वाचणे कठीण नाही. ज्याला ते कोणत्याच भाषेत समजले नाही, त्याची अडचण निराळी.

मुलींच्या पालकांनाही आम्ही एक गोष्ट सांगू. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने प्रेम माथुर यांना स्वातंत्र्याच्या उंबरठ्याच्या त्या काळात वैमानिक म्हणून घेतले. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर विमानाने कोलकात्याहून सिल्चरला नेलेल्या, सर्व महिला कर्मचारी असलेल्या उड्डाणाचे नेतृत्व कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्याकडे होते. वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण भारतात जगाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे. तेव्हा जमीन मुलासाठी आणि लग्न मुलीसाठी, हा हिशेब आता पुरे.

राहिला प्रश्न आपल्या सामूहिक जबाबदारीचा. महाराष्ट्र शासनाने ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, तेथील विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशांत जागा राखून ठेवल्या आहेत. याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. 'महाज्योती' या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली, हेही स्तुत्य. आमची मागणी इतकीच की अशा प्रत्येक योजनेत सीमाभागातील मराठी विद्यार्थी पात्र आहे, हे शासनाने निःसंदिग्ध शब्दांत लिहावे आणि या ८६५ गावांतील काही गुणवंतांचा खर्च उचलावा. पाच मुलांचा खर्च हा महाराष्ट्राच्या अंदाजपत्रकात काय मोठा? दुसऱ्या बाजूस, बंगळूरजवळ जक्कूर येथे कर्नाटक शासनाची वैमानिक प्रशिक्षण शाळा आहे. तेथे अर्ज करण्यास आमच्या तरुणांनी संकोचू नये. आम्ही या राज्यात राहतो ते आमच्या इच्छेविरुद्ध, पण कर भरतो तो पुरेपूर. कराच्या पैशांतून उभी राहिलेली शाळा वापरल्याने सीमालढ्याचा निर्धार ढळत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, आधी सीमाप्रश्न सुटू द्या, मग हे पाहू. त्यांच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. त्या वर्षी जन्मलेले मूल आज वीस वर्षे ओलांडून गेले आहे. न्यायालयाची तारीख थांबू शकते, मुलाचे वय थांबत नाही. लढा चालू ठेवावयाचा तर तो चालविणारी पिढी शिकलेली, स्वतःच्या पायांवर उभी आणि कोणाच्या मेहेरबानीवर न जगणारी हवी.

म्हणून चळवळीनेही नुसती मागणी करून थांबू नये. तालुक्याच्या एखाद्या मराठी शाळेच्या वर्गात रविवारी भौतिकशास्त्र, गणित आणि इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालविता येतील. निवृत्त वायुसैनिक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी मार्गदर्शन करावे. होतकरू मुलांच्या पहिल्या वैद्यकीय तपासणीचा खर्च वर्गणीतून उचलावा. या कामास आमच्या कार्यालयाचे दार आजपासून उघडे आहे.

आणि त्या गृहस्थांना आमचे उत्तर असे: दादा, एजंटाला परत पाठवा. उतारा पेटीत ठेवा. मुलाला आधी डॉक्टरकडे न्या. तो तंदुरुस्त ठरला तर वर्षभर घरी बसून लेखी परीक्षा देऊ द्या. त्या तो उत्तीर्ण झाला की त्याला घेऊन आमच्याकडे या. मग पन्नास लाखांचा प्रश्न तुमचा एकट्याचा राहणार नाही. तो आपणा सर्वांचा होईल. जमिनीचा निर्णय त्या दिवशी, सर्वांनी मिळून करू.