प्रतिपक्ष झाकून कोणाला पटवणार?



वादविवादात विरुद्ध मुद्दा आपणहून मांडला की आपलीच बाजू लंगडी पडते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच मान्य नाही. १९४५ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांना, जपानशी युद्ध लांबेल हे पटवणारी दोन रेडिओ-भाषणे ऐकवली. एक एकतर्फी होते. दुसऱ्यात विरुद्ध मुद्देही मांडले होते. आधीच सहमत असलेल्यांवर एकतर्फी भाषणाचा प्रभाव जास्त पडला. मुळात विरोधात असलेल्यांना आणि जास्त शिकलेल्यांना मात्र दुसरेच अधिक पटले. पटवायचे असते ते विरोधकालाच ना? आपले शास्त्रकारही आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडून मगच सिद्धान्ताकडे वळत. आज शाळांच्या वादविवाद स्पर्धांसाठी मात्र मुलांकडून टाळ्यांची वाक्ये घोटून घेतली जातात. परीक्षकांच्या गुणपत्रकात ‘प्रतिपक्षाची नेमकी मांडणी’ हा रकाना हवा, आणि त्याला आवाज-हावभावांपेक्षा जास्त गुण हवेत.

— एक शिक्षिका, सातारा